मला ‘होमली’ म्हणाले तेव्हा

आमच्या घरात कौतुकाला थारा नव्हता. कुणी आमच्या म्हशीला चांगली म्हणालं तर आई संध्याकाळी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकायची, आणि कुणी आप्पांना चांगलं म्हणालं तर आप्पा आधी त्या माणसाचं आपल्याकडे काय काम असेल त्याचा विचार करायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतली नोकरी संपवून ते रहिमतपूरला परतले आणि घरच्या रानात ऊस करू लागले. लोक म्हणायचे, फौजेनं यांना संशयी केलं. मला तसं वाटत नाही. संशय त्यांच्यात आधीपासूनच होता, फौजेत तो फक्त कवायत शिकला. बियाणं घेतलं तर पोतं दुकानातच उलटं करून बघायचे. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती आधी दाताखाली धरून तिची चव घ्यायचे आणि मग गिळायचे. मी त्यांना हसत नाही, कारण मीही त्यांचीच लेक. आजही भाजीवाली “ताई, खास तुमच्यासाठी” म्हणाली की मी पुढच्या पाटीकडे जाते.

मोठा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली होती. मी साताऱ्याला डी.एड. करून गावापासून जवळच्या एका वाडीतल्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळत होते. शाळा म्हणजे एक खोली आणि शेजारच्या देवळाची ओवरी. पोरं शेंबडी, अर्धी मेंढरांमागून थेट वर्गात आलेली. ‘ग गवताचा’ म्हटलं की एक पोरगी उठून बाहेर जायची आणि खरोखरचं गवत घेऊन यायची. घरी आल्यावर माझ्या केसांत खडूची पूड निघायची आणि आई कुरकुरायची. मला ते काम फार आवडायचं. स्पष्टच सांगते, लग्नाच्या विचारापेक्षा जास्त आवडायचं.

स्थळं येऊ लागली तेव्हा मी आप्पांना एवढंच म्हणाले की द्याल त्या गावी जाईन, बदली करून घेईन, पण नोकरी सोडणार नाही. आप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, पुन्हा चालू झाला. “बरं,” ते म्हणाले. “आदी तेवडंच सांगू.”

सांगलीचं स्थळ आणलं ते आईच्या माहेरकडच्या एका लांबच्या पाहुण्यांनी. त्यांना लग्नं जुळवायचा भारी नाद. मुलगा सांगलीत बँकेत कारकून होता, वडिलांची हळदीची अडत, घर स्वतःचं. नोकरीचं सांगितलंत का, असं आप्पांनी खोदून खोदून विचारलं. सांगितलं की, त्यांची काही हरकत नाही, असं पाहुणे म्हणाले. पण हे म्हणताना ते आप्पांकडे बघत नव्हते, चहात पडलेल्या माशीकडे बघत होते. मला ते खटकलं. आप्पांनाही खटकलं असणार, पण आई मागून खुणा करत होती, म्हणून ते गप्प बसले.

मंडळी भाड्याच्या मोटारीतून आली. मुलगा, त्याचे वडील आणि मुंबईला कंपनीत नोकरी करणारे त्याचे मामा. मामांनी टेरिलीनचा शर्ट घातला होता आणि ते मधूनमधून इंग्रजीत बोलत होते. पोहे झाले, शिरा झाला. मला विचारण्यात आलं की पुरणपोळी जमते का, लोणचं मुरवता येतं का, विणकामाची आवड आहे का. मी सगळ्याला हो म्हणाले, विणकाम सोडून. शाळेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली ती तिथं.

पण मुलगा मला आवडला. हेही सांगून टाकते. पोहे खाऊन झाल्यावर त्यानं आपली बशी उचलून कडेला सरकवून ठेवली, आणि पाण्याचा तांब्या मी वाकण्याआधीच स्वतःकडे ओढून घेतला. आमच्या भावकीत कुठल्या पुरुषाला असं सुचलेलं मी पाहिलं नव्हतं.

निघताना मामा उंबऱ्याबाहेर चपला घालत होते. मी आतल्या दाराशी उभी होते. ते भाच्याला हळूच म्हणाले, “व्हेरी होमली.” आणि मुलानं मान हलवली. मग मोटार गेली, धुरळा खाली बसला आणि आमच्या घरात तो एक शब्द मागे राहिला.

आई म्हणाली, मामा ‘कोवळी’ म्हणाले. तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. माझी चुलती म्हणाली, कोवळी कसली, ‘आंबली’ म्हणाले ते. पोरीचं वय झालंय असं त्यांना म्हणायचंय. तेव्हा मला तेविसावं लागलं होतं, म्हणजे चुलतीच्या हिशेबानं मी आंबलेच होते. दोघींचं यावरून जुंपलं. मी दोघींना सांगितलं की शब्द इंग्रजी होता, तर दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग एवढं शिकलीस तर सांग की अर्थ.

मला अर्थ येत नव्हता. माझं इंग्रजी शाळेतल्या धड्यांपुरतं, त्यात गाय होती, टपाल्या होता, पाहायला आलेली मंडळी नव्हती.

आप्पांना या भांडणात रस नव्हता. त्यांची शंका वेगळीच होती. म्हसवडच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथला नेम त्यांनी मला सांगितला. विकणाऱ्यानं वाखाणायचं आणि घेणाऱ्यानं नावं ठेवायची, ही रीत. घेणाराच वाखाणायला लागला तर विकणाऱ्यानं सावध व्हावं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, मी काही बैल नाही. आप्पा म्हणाले, “न्हाईस, म्हनून तर झोप लागंना झालीया.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. तिथं राजवाड्याजवळ मला शाळेत इंग्रजी शिकवलेले सर राहत. आता निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे एक जाडजूड शब्दकोश होता, तो ते फडक्यात बांधून ठेवत. कोणता शब्द, असं सरांनी विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी उत्तर दिलं, “ओमली.”

आमच्याकडच्या बोलण्यात परक्या शब्दाचा ह टिकत नाही. कुठंतरी गळून पडतो. फौजेत आप्पांनी तो जेमतेम सांभाळला होता, गावी आल्यावर तोही सोडून दिला. सरांनी बिचाऱ्यांनी ओ उघडला. बोट खाली नेलं, वर आणलं, चष्मा पुसला, आणि शेवटी म्हणाले की या नावाचं काही नाही, अगदी जवळचा म्हणजे ऑम्लेट. आप्पांनी मेसमध्ये ऑम्लेट खाल्लं होतं. त्यांच्या कपाळाची शीर उठली. सरांनी गंभीरपणे विचारलं, पोह्यांबरोबर अंडी ठेवली होती का. मी घाईघाईनं म्हणाले, “सर, होमली. आधी ह आहे.”

मग मात्र सर खुलले. त्यांना शब्द उकलून दाखवायची हौस होती, शाळेतही धडा तसाच राहायचा आणि ते एका शब्दावर तास काढायचे. होम म्हणजे घर. त्याला ली लागला की झालं घरासारखं, घरचं, घरगुती. जुनाच शब्द आहे, ते म्हणाले, आपल्या माणसात जसं मोकळं वाटतं तसं, साधं, प्रेमळ. अर्थ चांगला आहे, काळजी करू नका. एवढं सांगून त्यांनी कोश मिटला.

आईच असती तर उठून पाया पडून निघाली असती. आप्पा जागचे हलले नाहीत. “मास्तर,” ते म्हणाले, “तुमचं बोट आनिक खाली गेलं व्हतं.”

सर म्हणाले, तसं काही विशेष नाही.

“न्हाई कसं. गेलं, आन तितं थांबलं. काय लिवलंय तितं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग नाइलाजानं पुन्हा कोश उघडला आणि वाचून दाखवलं. माणसाविषयी वापरल्यास, रूपानं सामान्य, दिसायला बेताचा. हा अर्थ कसा आला तेही त्यांनी सांगितलं, आवाज जरा खाली आणून. घरात माणूस नटत नाही. म्हणून घरचं म्हणजे बिननटलेलं, बिननटलेलं म्हणजे साधं, आणि साधं म्हणता म्हणता ते कुरूपापर्यंत गेलं. एखाद्याच्या तोंडावर वाईट बोलायला नको म्हणून लोक बरा शब्द पुढे करतात, आणि मग तो बरा शब्दच नासतो. अमेरिकेत तर त्याचा अर्थ सरळ कुरूप असाच घेतात म्हणे. आपल्याकडची माणसं कोणत्या अर्थानं बोलतात ते मात्र मला ठाऊक नाही, असंही सर प्रामाणिकपणे म्हणाले. आप्पांनी ते शेवटचं ऐकलंच नाही.

स्टँडकडे जाताना एका फोटो स्टुडिओची काच लागली. मी थांबून पाहिलं. नाक थोडं बसकं, रंग सावळा, कपाळ मोठं. त्या दिवसापर्यंत मला माझा चेहरा चेहऱ्यासारखा वाटत आला होता, त्यात बेताचं आणि भरपूर असं काही असतं हे मनात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मामांच्या शब्दाचं कमी आणि मुलानं मान हलवली त्याचं जास्त. आप्पांनी स्टँडवर चहा घेतला आणि निम्मा तसाच ठेवला. शिरा खाऊन, तूप चाटून, दारात उभं राहून माझ्या पोरीला कुरूप म्हणतात, एवढंच ते गाडी येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होते.

घरी आलो तर मध्यस्थ पाहुणे ओट्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले. सांगलीहून होकार आला होता. मुलगी पसंत.

आता आली का पंचाईत. कुरूपही म्हणतात आणि पसंतही करतात, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. आप्पांनी पेढा हातात धरून उलटसुलट पाहिला आणि तो पुन्हा पुड्यात ठेवला. पोरात खोट असणार, त्यांनी निकाल दिला, त्याशिवाय बेताची पोरगी कशाला पत्करतील. मला हा निकाल काही सुखाचा वाटला नाही, पण त्यातलं गणित माझ्याही डोक्यात तसंच जुळत होतं. मलाही त्या मुलाचं मान हलवणं आठवायचं आणि वाटायचं, बशी उचलणारा माणूस उगीच बशी उचलत नसेल.

सांगलीला जाऊन तोंडावर विचारायचं, असं आप्पांनी ठरवलं. मी म्हणाले, मी येणार. आई म्हणाली, मुलीनं आपण होऊन मुलाच्या दारात जायचं, लोक शेण घालतील तोंडात. आप्पा म्हणाले, “शबुद तिला म्हनल्यात. अर्थ बी तिनंच ऐकावा.” आईनं मला निळं लुगडं काढून दिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सांगलीत उतरल्यावर आप्पा थेट घरी गेले नाहीत. आधी पानपट्टीवर चौकशी केली, मग एका हमालाला विचारलं, मग बँकेच्या दारातल्या शिपायाला. मुलगा चांगला, घर चांगलं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. सगळे एकजात चांगलंच सांगतात म्हटल्यावर आप्पांचा संशय आणखी बळावला. पेठेतल्या त्या गल्लीत हळदीची पूड उडत होती, माझ्या निळ्या लुगड्याच्या काठावर पिवळी रेघ बसली.

आम्हाला दारात पाहून ती माणसं गडबडली, पण त्यांनी आगतस्वागतात काही कमी केलं नाही. मुलाच्या आईनं मला आत नेऊन पाणी दिलं, पाटावर बसवलं. मामा मुंबईला परतले नव्हते. मुलगा दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आला होता. आप्पांनी लाडवाची बशी हातात घेतली, पण लाडू न मोडता सरळ मामांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही आमच्या पोरीला काय म्हणालात आणि कोणत्या अर्थानं म्हणालात.

मामांना आधी काही आठवेना. आठवलं तेव्हा, आणि त्यातून साताऱ्याच्या कोशाची हकिगत ऐकल्यावर, ते हसता हसता खोकायला लागले. आत जाऊन त्यांनी मुंबईचं एक इंग्रजी वर्तमानपत्र आणलं. त्यातलं वधूवरांच्या जाहिरातींचं पान पसरलं आणि बोट ठेवत गेले. इथं होमली, इथं होमली, हे बघा इथंही होमली. इंग्रजांचं इंग्रजांपाशी, ते म्हणाले, आपल्याकडे हे मुलीचं सगळ्यात मोठं कौतुक आहे. सालस, स्वयंपाकात तरबेज, मोठ्यांचा मान राखणारी, घर सोडून कुठं न जाणारी. पहिल्या नजरेतच आम्ही ओळखलं.

आप्पांचा चेहरा उजळला. मी त्यांना कुणाचं कौतुक असं गपकन गिळताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लाडू मोडला, खाल्ला, आणि स्वतःहून ऑम्लेटची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मुलाच्या आईनं डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्या पाठीवर हात ठेवला. मुलगा माझ्याकडे बघून हसला, आणि त्या घटकेला मला तो पुन्हा आवडला, आधीपेक्षा जास्त. माझं नाक, माझा रंग, सगळं जागच्या जागी परत आलं.

फक्त एक तुकडा घशात अडकला होता. घर सोडून कुठं न जाणारी. मी तो गिळायचा प्रयत्न केला. एवढं गोड चाललेलं असताना कशाला, असंही मनात आलं. पण तो काही उतरेना.

“आणि माझी शाळा?” मी विचारलं.

मामांनी विचारलं, कसली शाळा. मुलाच्या वडिलांनी आठवून सांगितलं, ती तात्पुरती नोकरी ना, मध्यस्थ बोलले होते, वेळ जात नाही म्हणून मुलगी जाते, लग्न ठरलं की सोडणार आहे. आप्पा काही बोलायच्या आत मुलगाच बोलला. आवाज मऊ होता, मनात खोट नव्हती.

“तारीख निघेपर्यंत जा की तुम्ही. आमचं काही म्हणणं नाही.”

मामांनी त्याला पुस्ती जोडली. नोकरी करणाऱ्या मुली सांगून आल्या होत्या, चांगल्या दिसायला होत्या, पण मुलाच्या आईवडिलांनीच नको म्हटलं. घरात होमलीच हवी होती.

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या अर्थाला घाबरत होते. कोशातला वाईट अर्थ माझं काही नेणार नव्हता. हा चांगला अर्थ माझा वर्ग नेणार होता. आणि आता सगळं आप्पांवर होतं. घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी, माणसं हसतमुख, शब्दाचा डाग धुऊन निघालेला, वर लाडू खाल्लेला. नंतर बघू, असं कुठल्याही बापानं म्हटलं असतं. आप्पाही तसंच म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी म्हटलं असतं तर मी नाही म्हणू शकले नसते, हे मला माहीत होतं. मी पाटावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

आप्पांनी बशी खाली ठेवली. मिशीवरचा कण पुसला. मग उभे राहिले.

“पाव्हनं, घोटाळा झालाय,” ते म्हणाले. “साताऱ्याच्या मास्तरांच्या पुस्तकात ओमलीचा दुसरा अर्थ हाय. दिसाय बेताची. आमची पोरगी त्यातली ओमली हाय. तुमच्यातली न्हाई.”

मुलाच्या आईच्या तोंडून एवढंच निघालं की अहो, पोरीच्या समोर असं काय बोलता. आप्पांनी तिला हात जोडले. मुलानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मामांकडे बघून मिटलं. आम्ही गल्लीत आलो.

स्टँडपर्यंत आप्पा माझ्यापुढे चालत होते, कवायतीसारखे, मागे न बघता. गाडीत त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं. कृष्णेचा पूल मागे पडला, उसाची रानं लागली. मला रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, आणि हे त्यांना कसं सांगावं ते मला कळत नव्हतं. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी आणून दिली आणि समोरच्या बाकाकडे बघत विचारलं, “लय वाईट बोललो का गं तुला?”

“न्हाई, आप्पा,” मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली. मी खरं बोलतेय की त्यांचं मन राखतेय, हे माझ्या तोंडावर ते साताऱ्यापर्यंत तपासत राहिले.